पडण्याची विद्या

आमच्या नातीने दोन वर्षांपूर्वी ज्युदो शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा घरात विरोध करणारे आम्ही एकटेच होतो, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. मुलगा आणि सूनबाई दोघेही राजी होते. सूनबाईंनी तर आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मुलीला वर्गावर नेण्याआणण्याची वेळही ठरवून टाकली होती. आम्ही मात्र प्रत्येक वेळी काही ना काही निमित्त काढीत राहिलो. कधी शाळेचा अभ्यास, कधी उन्हाळा, कधी कलबुर्गीच्या रस्त्यांवरील गर्दी. मुलींनी असली झोंबाझोंबी करू नये असे आमचे जुने मत असावे, अशी घरच्यांनी समजूत करून घेतली, आणि आम्हीही ती खोडून काढली नाही. खरे कारण निराळे होते. ते सांगावयाचे तर साठ वर्षे मागे, भालकी तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत जावे लागेल.

किनारपट्टीवरील आमच्या वाचकांना हा मुलूख दूरचा वाटेल. तथापि बीदरला कधी आलात तर पायांखालचा तांबडा जांभा दगड पाहून तुम्हांला घरी आल्यासारखेच वाटेल. बीदरचा किल्ला त्याच पठारावर उभा आहे. तेथून खाली भालकीकडे किंवा कलबुर्गीकडे उतरले की काळी जमीन आणि तुरीची शेते सुरू होतात. आमच्या घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या कागदपत्रांत उर्दू, अशी येथील रीत. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी आणि कुस्त्या मात्र त्या रेषेला जुमानीत नसत. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले होते. आपल्याच जुन्या जिल्ह्याचा पोरगा म्हणून!

मल्लविद्येचा अभिमान या भूमीला शोभून दिसतो, त्यास आणखी एक कारण आहे. आजचे बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याण. तेथे बाराव्या शतकात राज्य करणारा तिसरा सोमेश्वर स्वतःस ‘भूलोकमल्ल’ म्हणवीत असे. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात शंभर अध्याय आहेत. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व विषय त्यात येतात. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या म्हणतात, हा जुना उल्लेखही त्यातलाच. त्या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे एक प्रकरण असून मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचे श्रम यांचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. खांबावर करावयाच्या मेहनतीस तेथे ‘स्तंभश्रम’ म्हटले आहे, आणि आपल्या मल्लखांबाचा पूर्वज म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवितात. म्हणजे आमच्या गावापासून थोड्याच कोसांवर, नऊशे वर्षांपूर्वी, एका राजाने कुस्तीला शास्त्राची बैठक दिली होती. आम्हांला हे सारे पुष्कळ उशिरा, नोकरीतून निवृत्त झाल्यावर कळले. तालमीत असताना ठाऊक होते ते एवढेच, की पहाटे चारला वस्तादांची काठी दारावर वाजली की उठायचे.

तालीम मारुतीच्या देवळाच्या मागे होती. आमचे वस्ताद मुसलमान होते. पण मारुतीला नमस्कार केल्यावाचून कोणी हौद्यात पाय टाकला तर त्याची खैर नसे. हौद्यातील माती ते स्वतः चाळीत, त्यात ताक, तेल, हळद आणि लिंबे घालून ती मळीत. तिचा गंध अजूनही एखाद्या पावसाळी सकाळी नाकाशी येतो. जोर, बैठका, मग जोडीदाराशी झटापट, मग अंगावर माती चोळून घेऊन निवांत पडणे. आमचा जोडीदार आमच्याहून वर्षाने मोठा होता. घरी कानडी बोलणारा, अंगाने उंच, स्वभावाने शांत. तीन वर्षे आम्ही दोघे रोज एकमेकांशी लढलो. एकमेकांचे डाव इतके पाठ झाले होते, की बहुधा कोणीच कोणाला पाडू शकत नसे.

१९६४ च्या चैत्रात हनुमान जयंतीच्या जत्रेत जंगी कुस्त्या भरल्या. जत्रेत एकाच तालमीची जोड सहसा लावीत नाहीत. पण त्या दिवशी परगावचा एक गडी आला नाही आणि पंचांनी आम्हां दोघांना पुढे केले. पाच रुपये आणि एक फेटा, एवढे इनाम. हौदा देवळापुढच्या मोकळ्या जागेत घाईने खणलेला होता. वर भुसभुशीत माती, खाली टणक जमीन. हलगी कडाडत होती. काही वेळ झटापट झाल्यावर आम्ही ढाक मारली, आणि तो उडाला. पाठ लागू नये म्हणून त्याने उजवा हात मागे टेकला. सर्व भार त्या एका हातावर आला. कोपरातून जो आवाज आला तो हलगीच्या कडकडाटातही आम्हांला ऐकू आला. आम्हांलाच आला, हे येथे नमूद करतो. कारण लोकांनी तोवर आम्हांला खांद्यावर घेतले होते, आणि आम्ही खाली उतरलो नाही. फेटा बांधून घेतला. नाचलो.

हाडवैद्याने हात बांधला. तो पुढे कधीच सरळ झाला नाही. जोडीदाराची कुस्ती त्या दिवशी संपली. त्या रात्री त्याच्या घरी जावे असे आम्हांला शंभरदा वाटले, गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. जूनमध्ये आम्ही शिकण्यासाठी कलबुर्गीस आलो, तेथेच नोकरी लागली, आणि गावी जाणे सणवारापुरते उरले. लग्नकार्यांत आम्ही दोघे भेटत असू. पाऊस कसा आहे, तुरीला भाव काय आहे, हेच बोलत असू. त्याचा तो वाकडा हात वाढपात भाताची बुट्टी उचलताना दिसला की आम्ही पंगतीत दुसरीकडे पाहत असू.

तेव्हा नातीने ज्युदोचे नाव काढले त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहिले असेल, हे आता निराळे सांगावयास नको. अखेर घरच्यांनी आमचे काही एक न ऐकता तिचे नाव घातले, आणि पहिल्याच आठवड्यात तिला आणण्याचे काम नेमके आमच्याकडे आले.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या दिवाणखान्यात भरत होता. जमिनीवर गाद्यांच्या जाड पट्ट्या अंथरलेल्या, वीस-बावीस मुले-मुली पांढऱ्या जाड कापडाचे अंगरखे घालून ओळीने बसलेली. शिकविणारा तरुण जेमतेम तिशीचा असेल. मुलांनी त्याला वाकून नमस्कार केला, मग गादीला केला, मग एकमेकांना केला. आम्ही मनात म्हटले, ठीक आहे, मारुती नाही, पण रीत तर आहे. त्यानंतर मात्र त्या तासाभरात एकाही मुलाने दुसऱ्याला हात लावला नाही. सारी मुले नुसती पडत होती! बसून मागे पडावयाचे, ओणवे होऊन पडावयाचे, उभे राहून कुशीवर पडावयाचे. प्रत्येक वेळी हनुवटी छातीशी, आणि अंग टेकताक्षणी हाताचा पूर्ण पंजा व बाहू गादीवर फाडकन आपटावयाचा. सारा दिवाणखाना त्या आवाजाने दणाणत होता. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात तेच. आम्हांला राहवले नाही. आम्ही त्या तरुणास विचारले, “अहो गुरुजी, कुस्ती केव्हा शिकविणार?” तो हसून म्हणाला, “आजोबा, अजून महिनाभर तरी नाही. आधी पडायला आलं पाहिजे. आणि सगळ्यांत आधी एक सवय मोडायची असते. माणूस पडताना हात टेकतो ना, ती.”

त्याने ते अगदी सहज सांगितले. पुढचे त्याचे स्पष्टीकरण आम्ही ऐकले, पण पुष्कळसे नंतर घरी येऊन जुळविले. पडताना हात ताठ टेकला की साऱ्या शरीराचा भार मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचे हाड यांपैकी एखाद्या ठिकाणी एकवटतो. तोच भार पाठ, कुशी आणि पसरलेला बाहू यांवर वाटला गेला तर कोणत्याच जागी फारसा लागत नाही. मान आत घेतली की डोके आपटत नाही. जपानी भाषेत या विद्येला ‘उकेमी’ म्हणतात. ती अंगवळणी पडावी लागते. पडण्याच्या क्षणी विचार करावयास सवड नसते.

आम्ही त्या संध्याकाळी जेवलो नाही. साठ वर्षे आम्ही मनाशी धरून बसलो होतो की तो दैवाचा घाला होता, कुस्तीत असे व्हायचेच. ते टाळता येण्याजोगे होते, हे एका तिशीच्या पोराने, अंगरख्याचा पट्टा बांधता बांधता आम्हांला सांगितले. वस्तादांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या हौद्यात दोन हात खोल मऊ माती होती. तेथे पडण्याचे भय नव्हते. शिवाय आमच्या विद्येत पाठ लागणे म्हणजे हार. त्यामुळे पैलवानाचे अंग पडण्यास मुळी कबूलच होत नाही. ते काही तरी टेकून पाठ वर ठेवू पाहते. ज्युदोच्या सामन्यातही जो पाठीवर स्वच्छ पडला तो हरलाच. पण सरावात तेथे माणूस दिवसाला शेकडो वेळा पडतो, उठतो, पाडणाऱ्याला नमस्कार करतो आणि पुन्हा पडावयास उभा राहतो. पडण्यातला अपमान असा झिजून जातो.

कुतूहल जागे झाले म्हणून आम्ही या विद्येचा इतिहास चाळला. तिचे प्रवर्तक जिगोरो कानो हे १८६० साली जन्मले. लहानपणी अंगाने किरकोळ, आणि शाळेतील दांडग्या मुलांकडून मार खाणारे. जुनी जुजुत्सु विद्या त्यांनी दोन संप्रदायांच्या गुरूंकडे शिकून घेतली, तिच्यातील घातक भाग सरावातून वेगळा काढला आणि उरलेल्यास ‘ज्युदो’ म्हणजे मृदुतेचा मार्ग हे नाव दिले. आपल्या वाचकांना विशेष वाटेल ते हे, की १८८२ साली त्यांनी आपली ‘कोदोकान’ ही शाळा काढली ती तोक्योतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात. बारा चटयांची जागा, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिष्य. त्यांच्या पडण्याने मंदिर हादरे, पितरांच्या नावाच्या पाट्या फळीवरून खाली कोसळत, आणि पुजारी वैतागून जात. मग कानो रात्री दिवा घेऊन जमिनीखाली शिरत आणि मोडलेली लाकडे स्वतः दुरुस्त करीत. हे वाचताना आम्हांस मारुतीच्या देवळामागची आमची तालीम आठवली नसती तरच नवल!

कानो पेशाने शिक्षक होते. पुढे ते तोक्योतील शिक्षक तयार करणाऱ्या मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले. ज्युदोची दोन सूत्रे त्यांनी सांगितली. शक्ती अशी वापरावी की ती वाया जाऊ नये. आणि आपले व दुसऱ्याचे कल्याण बरोबरीने व्हावे. पहिले सूत्र आम्हां पैलवानांस नवे नाही. समोरचा रेटा देतो तेव्हा त्यास ओढून घ्यावे, ओढतो तेव्हा रेटावे, हे आमचे वस्तादही सांगत. दुसऱ्यापाशी मात्र आम्ही अडखळलो. दुसऱ्याला पाडावयाचे, आणि त्याचेच कल्याण चिंतावयाचे? नातीला विचारले तर तिने आम्हांला वेड्यात काढले. म्हणाली, “आजोबा, मी ज्याला पाडते त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवते. सोडली तर तो डोक्यावर पडेल ना!” खरोखरच, पाडणाऱ्याने पडणाऱ्याचा एक हात धरून वर ओढून ठेवणे हा तेथील सरावाचा नियम आहे. आम्ही ढाक मारल्यावर काय धरले होते? काहीच नाही. हात मोकळे सोडून लोकांकडे पाहिले होते.

त्याच १९६४ च्या ऑक्टोबरात तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो प्रथम समाविष्ट झाला. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात नेदर्लंड्सच्या अँटन गीसिंक या धिप्पाड माणसाने जपानच्या अकिओ कामिनागाला त्याच्याच भूमीवर जखडून टाकले. सारा जपान सुन्न झाला. विजयाच्या भरात गीसिंकचे देशबांधव गादीकडे धावले, तेव्हा त्याने जागच्या जागी हात वर करून त्यांना थोपविले, आणि प्रतिस्पर्ध्याला रीतसर वंदन केल्यावरच तो गादीवरून उतरला. आम्ही या प्रसंगाचे वर्णन प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. सहाच महिने आधी आम्ही फेटा बांधून नाचलो होतो. आमचे वय तेव्हा सोळा होते, हे खरे. पण पुढे ते सोळाच राहिले नाही, आणि तरीही आम्ही त्याच्या दारी गेलो नाही.

मुलींच्या बाबतीत आम्हांस जे मत चिकटविण्यात आले होते त्याविषयी थोडे बोलतो. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी आचार्यांना शांतिनिकेतनात बोलाविले, तेव्हा आश्रमातील मुलीही मुलांबरोबर ज्युदो शिकल्या. आणि कानोंच्या पहिल्या गुरूंची नात, केइको फुकुदा, पाच फुटांहूनही कमी उंचीची बाई, शंभरीला टेकेपर्यंत ज्युदो शिकवीत राहिली. स्त्रियांना पाचव्या श्रेणीच्या वर चढू न देण्याची कोदोकानची रीत होती. त्यापायी तिला १९७२ पर्यंत, जवळजवळ वीस वर्षे, एकाच पायरीवर ताटकळावे लागले. २०११ साली अमेरिकेतील संस्थेने तिला दहावी श्रेणी दिली. मृदुतेच्या मार्गावरही खडे होतेच. खुद्द जपानच्या शाळांतून १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शंभराहून अधिक मुले ज्युदोच्या सरावात दगावली, त्यांत नवशिकी मुले आणि डोक्याला झालेल्या इजा यांचे प्रमाण मोठे. तेव्हा आपल्या गावी असा वर्ग निघाला तर मुले घालण्यापूर्वी शिक्षक पडावयास किती दिवस शिकवितो, एवढे पालकांनी अवश्य पाहावे.

नातीच्या प्रकृतीत पडलेला फरक मात्र आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. पूर्वी ती पोक काढून चाले; आता दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहते. जेवणाची तक्रार थांबली. गेल्या श्रावणात गाणगापूरला संगमावर ओल्या पायऱ्यांवरून तिचा पाय निसटला; आमच्या काळजाचा ठोका चुकला, तोवर ती कुशीवर पडून हात आपटून उठलीही होती. पंजा लाल झाला, एवढेच. आम्ही स्वतः पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आणि या वयात न्हाणीघर हे कोणत्याही आखाड्याहून भयंकर असते. गुरुजींना विचारून आम्ही घरी दोन गाद्या टाकून बसल्या जागेवरून मागे पडण्याचा प्रयोग केला. तो पाहून आमच्या मंडळींना जे हसू लोटले, त्यामुळे तो पुढे चालू ठेवता आला नाही. जमिनीवर बसणे आणि हात न टेकता उठणे, एवढे मात्र रोज करतो.

गेल्या दिवाळीत नातीला घेऊन आम्ही गावी गेलो. बसमधून उतरलो ते घरी न जाता सरळ जोडीदाराच्या दारी. तो अंगणात बाजेवर बसला होता. चहा झाला, तुरीचा भाव झाला. मग आम्ही नातीला म्हटले, “आजोबांना तुझं पडणं दाखव.” अंगणात कडब्याचा थर होता, त्यावर ती मागे पडली, कुशीवर पडली, खांद्यावरून कोलांटी घेऊन उभी राहिली. तो पुढे वाकून पाहत राहिला. “हात कुठं ठेवतीस?” त्याने विचारले. तिने दाखविले. “मागं न्हाई टेकायचा?” “नाही आजोबा. टेकला की मोडतो.”

तो काही बोलला नाही. तेव्हा आम्ही बोललो. जे साठ वर्षे बोललो नव्हतो ते, अडखळत, नातीसमोरच. त्या रात्री आलो नाही हेही सांगितले. त्याने सर्व ऐकून घेतले. मग तंबाखूची डबी बंद करीत म्हणाला, “ते असू दे. पण ढाक तुझी लागलीच नव्हती. पाय घसरला होता माझा.”

आम्ही म्हटले, ढाक पुरी लागली होती. तो म्हणाला, पंचांना विचार. पंच जाऊन तीस वर्षे झाली होती. बराच वेळ आम्ही दोघे त्यावर हुज्जत घालीत बसलो. नात कंटाळून शेळीच्या करडाकडे गेली. थोड्या वेळाने त्याने तिला हाक मारून परत बोलाविले, पुन्हा एकदा पडावयास सांगितले, आणि ती पडली तशी आपल्या त्या वाकड्या हाताचा पंजा बाजेवर फाडकन आपटून विचारले, “असं?”